एका भाकरीचं अंतर

तांब्याची लांबलचक पट्टी माझ्या पायावर पडली, तेव्हा मी त्या माणसाला पहिल्यांदा पाहिलं.

"सॉरी मॅडम... आभाळ गरजलं ना, हात सुटला," तो म्हणाला.

मी प्रयोगशाळेच्या दारात एका पायावर उभी. "तुमी कोण?"

"उजैर. अकोटचा. शाळेवर वीजरोधक बसवाले आलो. वीज पडली तर या पट्टीतून सरळ जमिनीत जाते."

"वीज पकडाले आले, अन् गडगडाटाले भेता?"

"विजेले नाई भेत. तिले कुठून न्याचं ते मले मालूम हाये. आवाजाचं काही करता येत नाई ना..." असं म्हणून तो हसला. गालात खळी. झालं, तिथंच माझं काम तमाम झालं.

मी हीना. रोज अमरावतीहून एसटीने तिवस्याला येते, सातवीला विज्ञान शिकवते. घरी आम्ही उर्दू बोलतो, वर्गात मराठी, आणि कोणाला झापायचं असलं की वऱ्हाडी. उजैरच्या वाट्याला पहिल्या दिवसापासून वऱ्हाडीच आली.

चार दिवसांचं काम त्या पठ्ठ्याने पंधरवडाभर पुरवलं. संध्याकाळी परतीच्या गाडीला ही गर्दी! तो आधी घुसायचा आणि खिडकीच्या सीटवर आपलं पिवळं हेल्मेट टाकून जागा धरायचा. मी आले की हेल्मेट उचलायचा आणि स्वतः दांडी धरून अमरावतीपर्यंत उभा. बोलणं नाही, चालणं नाही. नुसतं बघायचं... आणि मी बघितलं की लगेच बाहेर बघायचं.

एकदा शेजारची जागा रिकामी झाली. "बसा ना आता," मी म्हटलं.

"नको. इथून बरं दिसते."

"काय दिसते?"

"...संत्र्याची बाग."

बाग केव्हाच मागे गेली होती.

त्याच आठवड्यात मी सातवीला वीज शिकवत होते. चमकणं आणि गरजणं एकाच वेळी होतं. उजेड पळत येतो, आवाज रमतगमत. वीज दिसली की 'एक भाकर, दोन भाकर' असं सावकाश मोजायचं. तीन भाकरी झाल्या तर वीज एक किलोमीटरवर. पोरांना खेळच मिळाला. मी मात्र शिकवता शिकवता स्वतःच मोजत बसले. उजैरची वीज मला कधीची दिसली होती. आवाजाचा पत्ता नव्हता.

आणि इकडे वेळ नव्हता. आत्याने अकोल्याचं स्थळ आणलं होतं. मुलगा चांगला, दुकान चांगलं, नकाराला कारणच नाही. मग एके दिवशी सकाळी डबा देताना अम्मीने स्पष्ट सांगितलं, की त्याच संध्याकाळी मगरिबची नमाज झाली की ती फोन करून होकार कळवणार. माझ्या मनात कोणी असेल तर तोवर सांगायचं. मनात होता की! पण तोच बोलत नव्हता, तर मी नाव कोणाचं घेऊ?

दुपारी परतीच्या पावसाचं आभाळ चढलं. रिद्धपूरच्या बाजूने काळंभोर. पोरांना वर्गात बसवून मी शेजारी प्रयोगशाळेत आले, तर उजैर सामान बांधत होता.

"काम झालं मॅडम. उद्यापासून अकोट."

असा राग आला मला! "झालं? मंग जा."

"पाऊस..."

"पडला कुठं अजून?"

तेवढ्यात दूर लखलखलं. भिंतीपलीकडून सगळी सातवी सुरू झाली, "एक भाकर... दोन भाकर..."

उजैर एकदम पुढे आला. "मॅडम, एक सांगाचं होतं. आवाज व्हाच्या आत सांगतो, मंग मले सुचत नाई."

"बोला. लांब हाये वीज." मी म्हटलं.

"म्हणजे त्याचं असं झालं, का पहिल्या दिवशी मी अकोटहून निघालो, तवा गाडी लेट होती, अन् अकोल्याले चहा घेतला—"

गडाड् गुडुम! त्याने डोळे मिटून टेबल धरलं. चहाच्या पुढची गोष्ट गेली.

पुन्हा चमकलं. पोरांनी मोजणी धरली.

"ते सीटचं... मले उभं राहाले आवडते असं नाई. माई आई म्हणते का—"

या वेळी आठव्या भाकरीलाच गरजलं.

"आईचं मंग सांगा," मी म्हटलं. "वीज जवळ येऊन रायली, भाकरी कमी होऊन रायल्या. वाक्य लहान करा जरा."

"होत नाई ना लहान..."

मग मीच सांगून टाकलं. "आज मगरिबनंतर अम्मी अकोल्याले फोन करते. माह्या लग्नासाठी. होकार देते."

त्याचा चेहरा उतरला. पण टेबलावरचा हात सुटला.

चमकलं. "एक भाकर, दोन भाकर, तीन—"

"तो फोन नका होऊ देऊ. मले तुमी—"

खिडक्या थरथरल्या, चंचुपात्रं खणखणली. वाक्य तुटलं, पण या वेळी डोळे उघडे होते. माझ्याकडेच. मला वाटलं, आता नाही बोलला तर मी याला कधीच माफ करणार नाही.

सगळी खोली पांढरीफटक झाली.

"एक भा—"

"कबूल?" उजैरने विचारलं.

एकच शब्द. त्याच्यावरच कडाडलं, जणू आमच्या डोक्यावरच. तो जागचा हलला नाही. आणि मग पाऊस आला... पत्र्यावर, मैदानावर, सगळीकडे एकदम. मातीचा वास खिडकीतून आत शिरला. मला हसू आवरत नव्हतं.

"कबूल," मी म्हटलं.

तो हळूच म्हणाला, "तीनदा म्हणा लागते."

"एक झालं. दोन काझीसाहेबांसमोर. अन् त्याच्या आधी हे..." मी फोन लावून त्याच्या हातात दिला. "अम्मी हाये. बोला."

पुन्हा कडकडाट झाला. तो बोलतच होता. नाव, गाव, अब्बा काय करतात, सगळं, एका दमात. फोनवर अम्मीचा आवाज मलाही ऐकू येत होता. सगळं ऐकून घेऊन तिने विचारलं, "इतने दिन क्या कर रहे थे, बेटा?"

उजैरने माझ्याकडे पाहिलं. खळी पडली.

"सीट पकड के खड़ा था, खाला."