हाताच्या अंतरावर

मधला स्पीकर टीव्हीच्या अगदी खाली, शक्यतो कानाच्या उंचीला ठेवावा. चित्रपटातले बहुतेक संवाद त्यातूनच येतात. मागचे दोन स्पीकर आसनाच्या पाठीमागे, कानांहून किंचित वर. वायरचे लाल टोक लाल खोबणीत, काळे काळ्यात. एक जरी उलटे गेले तरी आवाज पोकळ होतो. हे ज्ञान माझे नव्हे, माझ्या भाचीचे. मी अकोल्याच्या महाविद्यालयात आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले, आणि मार्चमधल्या त्या दुपारी अमरावतीला, इंदूताईच्या बैठकीत, वायरची भेंडोळी धरून उभा होतो.

नीलमने हा पसारा आईसाठी आणला होता. ताईला उजव्या कानाने काहीच ऐकू येत नाही, डाव्याने थोडेसे. मालिकेतली माणसे बोलतात तेव्हा तिला ओठ दिसतात, शब्द पोहोचत नाहीत. संवाद वेगळ्या स्पीकरमधून आले तर पोहोचतील, अशी नीलमची आशा. तिने आधी चित्रातला दुकानी भडकपणा घालवला. पडद्यावरचे चेहरे माणसांच्या रंगाचे झाले.

ताईचा कान नांदगाव पेठेच्या वसाहतीतल्या एका कापड कारखान्यात गेला. कारखान्याच्या डॉक्टरांनी मात्र दरवर्षी तिची श्रवणशक्ती सामान्य ठरवली. मग एके दिवशी, तिच्याकडे पाठ करून काम करणाऱ्या मायाचा दुपट्टा मशीनच्या रुळात ओढला गेला. मशीन बंद करण्याचे बटण ताईच्या डाव्या हाताशी होते. ताई वाकून तुटलेला धागा जोडत होती. माया वाचली नाही. चौकशीचा निष्कर्ष असा: ‘शेजारील कामगार हाताच्या अंतरावर होती व तिची श्रवणशक्ती सामान्य होती, तरीही तिने हाकेस प्रतिसाद दिला नाही.’ पुष्कळ निर्लज्ज ग्रंथ मी वाचले आहेत; व्याकरणदृष्ट्या इतके निष्कलंक वाक्य त्यांत क्वचितच आढळले. मालकांचा दोष त्या एका स्वल्पविरामापाशी संपला आणि माझ्या बहिणीचा सुरू झाला.

तेव्हापासून मायाची आई विहारात ताईच्या शेजारी बसत नाही. आणि तेव्हापासून ताईच्या मेलेल्या कानात मशीनची खडखड चालू आहे. तज्ज्ञांनी तिला भास म्हटले. ताई एवढेच म्हणायची, "तिनं आवाज देल्ता का नाई, काय म्हनली, हेच मले माईत नाई रे ललित."

आता शेवटचे काम राहिले होते. ताई बसते तिथे, सोफ्याच्या पाठीवर, नीलमने एक छोटा माइक उभा केला. स्पीकर ज्याला जोडले होते ते मशीन एकेकातून खरखर सोडणार, ती ऐकून स्पीकर किती दूर आहेत हे ठरवणार, आणि त्याप्रमाणे आवाज जुळवणार.

"आता कोनी बोलाचं नाई," नीलम म्हणाली. "मामा, तुमी श्वासबी हळू घ्या."

"मी काही व्याख्यान देत नाही."

"तुमचं सांगता येत नाई."

पडद्यावर सूचना आली: खोलीत आवाज फार आहे. नीलमने पंखा बंद केला. मग फ्रिज. मग खिडक्या लावल्या. सूचना तीच. ताई कंटाळून चहा ठेवायला आत गेली, आणि मशीन निमूटपणे पुढे सरकले. ती परत येऊन बसली, मशीन थांबले. खोलीत आवाज फार आहे.

मी ताईला उठायला लावले, बसायला लावले, पुन्हा उठायला. जिथे ती तिथे आवाज, जिथे ती नाही तिथे नाही. अन्वय आणि व्यतिरेक. दोन्ही जुळल्यावर कारण मान्य करावे, असे मी मुलांना शिकवत आलो.

"काहून रे उठबस करून राहिला माही? मी काय आवाज करून राहिली?"

तिने माझ्याकडे पाहिले, मग माइककडे.

"तुले ऐकू येऊन राहिलं थे?"

"मला नाही. त्याला."

ती सावकाश बसली. "मंग माह्या डोक्यातलं नोतं थे," ती म्हणाली. तिचा चेहरा मला पाहवेना.

नीलमने माइक उचलून आईच्या उजव्या कानापाशी धरला. "याचा आवाज स्पीकरमधून येत नसते, मामा," ती हळूच म्हणाली. "हा फक्त मोजते."

मागच्या दोन्ही स्पीकरमधून खडखड सुरू झाली.

कारखान्याची शेड होती ती. रूळ, पट्टे, लोखंडावर लोखंड. दाराची काच थरथरू लागली. नीलमचे ओठ हलले. शब्द मला ऐकू आले नाहीत. एका खोलीत, हाताच्या अंतरावर, सामान्य श्रवणशक्तीच्या मला.

मग मशीनने त्याचे काम केले. खडखड मागेच राहिली. मधल्या स्पीकरमधून, स्वच्छ, एक तरुण आवाज आला.

"ताई. बटन दाबा नं ताई. माहा दुपट्टा."

ताईने मान वळवली नाही. ऐकू आल्यावर माणूस हलतो तशी हलली.

"आली वं, माया."

तिचा डावा हात मागे गेला आणि रिकाम्या हवेत तळवा दाबला गेला.

खडखड मंदावली. एकेक पट्टा थांबला.

मग ताईने डोळे पुसले. "तिनं आवाज देल्ता. उद्या जातो मी तिच्या मायकडं. सांगा लागते."

पडद्यावर अक्षरे उमटली होती: मोजणी पूर्ण. खाली अंतरे. मागचे दोन बरोबर, बाजूचे बरोबर. मधल्या स्पीकरपुढे पाऊण मीटरहूनही कमी. मी टेपने मोजले. टीव्हीपासून सोफा तीन मीटरांहून लांब होता. नीलमने मोजणी पुन्हा लावली. खोली शांत होती, मशीनने एकदाही तक्रार केली नाही. आकडा तोच आला.

"हाताने बदलता येते," नीलम रिमोट उचलत म्हणाली.

"राहू दे," ताई म्हणाली. "बरोबर हाये थे."

आणि ती सोफ्यावर थोडी सरकून बसली, शेजारी एकीला जागा होईल इतकी.