शकुनबाईची दोन बोटं

मोबाईल खाली ठेवा, मग सांगतो. माझा मित्र तुलाराम, त्याच्या पोराची, कैलाशची गोष्ट आहे. कैलाश मास्तर. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेलं, त्या गावाच्या नव्या गावठाणातल्या शाळेत शिकवतो.

रात्र गेल्या पौषातल्या अमावास्येची. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅदरिंग होतं. स्पीकर चार्ज करायचा राहिला, म्हणून कैलाश तो शाळेतून घरी आणायला निघाला. समूहगीत बसवलं होतं, पण गाणार कोणीच नव्हतं. पेनड्राईव्ह वाजणार आणि पोरं नुसते ओठ हलवणार. थू! गाणं आहे की उष्टं खाणं?

त्या पोरांतल्या रीनाचा आवाज जाड. ती तरी गायचीच. संध्याकाळीच त्यानं तिला दटावलं होतं, "उद्या मागं उभी राह्य. आवाज काढू नको."

"मंग मी येऊ कायले, सर?" पोरीचे डोळे भरले होते.

जुन्या गावात शकुनबाई होती. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, नाटकांत गायची. पोरांना शिकवताना त्यांच्या दातांमध्ये स्वतःची दोन बोटं घालायची. म्हणायची, "बोटं मावली पायजे. तवाच आवाज निंगते." गाव बुडालं त्याच वर्षी तीही बुडाली. गाळातून काढली. कैलाशला तिच्या त्या बोटांचं ऐकूनच शिसारी यायची.

शाळेच्या फाटकावर चौकीदार जागेश्वर होता. किल्ली पुढे केली, पण जागचा हलला नाही.

"काहून बे?"

"आत बाई गाऊन राहिली, सर."

"पिऊन आला काय?"

कैलाश एकटाच आत गेला. वर्गात कोणी नव्हतं. स्पीकर उचलला. ओला लागला. सडलेल्या मासळीचा वास आला...

दिवा गेला.

मागून आवाज. अगदी कानाशी.

"तोंड उघड."

त्यानं दात आवळले.

"उघड..."

थंड. बुळबुळीत. दोन बोटं. ओठांवरून... दातांवरून... जिभेवर.

...

जागेश्वरनं त्याला ओट्यावर ओकताना पाहिलं. काळा गाळ. त्यात जिवंत गोगलगाय.

सकाळी स्पीकरमधून पाणीच गळालं. मांडवभर लोक. पोरं ओठ हलवायला उभी, आणि गाणं नाही. कैलाशचा जबडा सुजलेला, बोलता येईना. त्यानं रीनाला हातानंच पुढे ओढलं.

पोरीनं तोंड उघडलं. पोटातून आवाज काढला. मागची पोरं आधी चाचरली, मग तीही सुटली.

गाणं संपल्यावर तिच्या आजीनं, मंदाबाईनं, नातीला जवळ घेतलं आणि पदरानं तिचं तोंड पुसलं. पोर रात्रभर आजीच्याच कुशीत झोपली होती.

पदराला गाळ लागला. पोरीच्या खालच्या ओठावर दोन काळे ठसे होते. शेजारी शेजारी.