तिसरी वाफ

त्या शनिवारी दुपारी मी लाकडं फोडत होतो आणि फुल्वियो पायरीवर बसून माझी टर उडवत होता. आम्ही दोघे इटलीतल्या फेर्राराच्या कॉलेजातले. मी दोन वर्षांपूर्वी जंगलांचा अभ्यास करायला फिनलंडला आलो. तो मला भेटायला म्हणून चार दिवसांपूर्वी येऊन थडकला होता. तो निघाला तेव्हा त्याच्या आईचा फोन आला होता. "एकुलता एक आहे रे, सांद्रो. जसा पाठवतेय तसाच परत पाठव."

"एवढं शिकून शेवटी लाकूडतोड्याच झालास!" फुल्वियो म्हणाला.

"गप बस आणि ही मोळी उचल."

मी आय्लीबाईंच्या घरात भाड्याने राहतो. तळ्याकाठी त्यांची सौना आहे, वाफ घ्यायची जुनी लाकडी खोली. तिचा नियम त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितला होता. आज त्यांनी तो फुल्वियोलाही बजावला, आणि मी त्यांचं फिनिश त्याला समजावत गेलो.

"दोन वाफा आपल्या. तापल्या दगडांवर तिसरं पाणी टाकायचं, बसायची वरची फळी मोकळी सोडायची आणि निघायचं. तिसरी वाफ त्यांची."

"त्यांची म्हणजे कुणाची?"

"ते आपण विचारत नाही, पोरा," आय्लीबाई म्हणाल्या.

हिवाळ्यामुळे तीनलाच अंधार पडला. आत भट्टीच्या तोंडाशी तेवढा लालसर उजेड होता. काजळीचा आणि बर्च झाडाच्या भिजलेल्या पाल्याचा वास कोंदला होता. दोन वाफा झाल्या. मी दगडांवर तिसरं ओगराळं ओतलं आणि उठलो. फुल्वियो वरच्या फळीवर आडवाच.

"चल, ऊठ."

"भुतांना सांग, रांगेत उभी राहा."

"फुल्वियो, ऊठ म्हणतो ना!"

"घाबरट! म्हातारीच्या नादाने तूही म्हातारी झालास."

चार दिवस हेच ऐकत होतो. माझं डोकं सणकलं. "मर मग इथेच!" म्हणालो आणि दार आपटून बाहेर आलो. तेव्हाच माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

बाहेर बर्फात उभा राहिलो. आत तो मोठमोठ्याने गात होता. मग गाणं मधेच तुटलं. दगडांवर पुन्हा पाणी पडल्याचा चर्र आवाज आला. आणि मग त्याचा आवाज... हळू, अदबीचा... फिनिश भाषेत! त्याला 'धन्यवाद'पलीकडे एक शब्द येत नव्हता. तो बोलायचा, थांबायचा, ऐकायचा.

"हो... हो... सरकतो..."

मी दार ओढलं. तो सगळ्यात खालच्या फळीवर बसला होता, गुडघे जुळवून, हात मांडीवर ठेवून. त्या भाजणाऱ्या उष्णतेत त्याचा खांदा बर्फासारखा गार लागला.

"कुणाशी बोलत होतास?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. अनोळखी माणसाकडे पाहतात तसं.

"तुम्ही पुढे व्हा," तो म्हणाला. "मी आलोच."

त्यानंतर एक टोमणा नाही, एक शिवी नाही. जेवला, भांडी घासली, भिंतीकडे बघत बसला. आय्लीबाईंनी त्याला एकदाच न्याहाळलं, हातातली ताटली खाली ठेवली आणि आपल्या खोलीत जाऊन आतून कडी घातली. दुसऱ्या दिवशी मी त्याला विमानतळावर सोडलं. खोटं कशाला बोलू, सुटलो असं वाटलं मला.

पुढच्या शनिवारी दुपारी तीनच्या सुमाराला त्याच्या आईचा फोन आला. आवाज अगदी दबलेला.

"सांद्रो बाळा... फुल्वियो माझ्यासमोर बसून सूप पितोय."

"मग चांगलंच आहे की."

"आत्ता घरचा फोन वाजला. आठवडाभर रोज याच वेळेला वाजतोय. त्याच्याच आवाजात कुणीतरी रडतं... 'आई, सांद्रोला दार उघडायला सांग... भाजतंय गं...'" तिने हुंदका गिळला. "मग हा समोर बसलाय तो कोण आहे रे?"

मी होतो तसा सौनाकडे धावत सुटलो. आय्लीबाईंनी आठवडाभर सौना पेटवलीच नव्हती. धुराड्यावर बर्फाचा थर साचला होता, पायरीवर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं, दाराला बाहेरून कुलूप होतं.

"फुल्वियो...?"



मी कुलपाला हात लावला आणि ओरडून मागे घेतला. उणे अठराच्या त्या थंडीत कुलूप तव्यासारखं तापलं होतं.