चार सेकंद आधी

वाटीत चमचा किणकिणला, तेव्हा कुठे घरातली शांतता मोडली. मिहिकाचा दहीभात संपला होता. तिच्या मनगटावरच्या ओढपट्टीचे आलेख बघत बसलेल्या तिच्या आईला, वृंदाला, आणि घोन्साल्विस सरांना मात्र अजून काही सुचत नव्हतं.

ओढपट्टी या दोघांनीच बनवलेली. विषय समोर आला की मुलाची नाडी किती बदलते, त्यावरून त्याची ओढ मोजायची. मिहिकाच्या शाळेने तर सक्तीचे विषयच काढून टाकले होते. ओढीचे तीन विषय कळवायचे, पुढची तीन वर्षं तेवढेच शिकायचे, बाकीच्यांना रामराम. मुदत आज पाचपर्यंत. आणि सात वर्षांच्या या पोरीची ओढ सव्वीसच्या सव्वीस विषयांत सारखीच उंच. मुंग्या काय, नकाशे काय, अगदी व्याकरणसुद्धा.

"व्याकरणाला एवढी उडी?" सर म्हणाले. "आईवर गेली म्हणावं, तर तुमच्या अहवालांतल्या चुका मीच सुधारतो."

वृंदा हसली. मग जरा ओशाळून तिने सांगितलं, की प्रयोगशाळेत लेक बुजेल म्हणून चाचण्या तिने घरीच घेतल्या होत्या, रोज संध्याकाळी अर्धा तास. एरवी ती घरी असली तरी कामातच बुडालेली असे. सरांनी आलेख मोठा करून पाहिला. प्रत्येक उडी विषयाचं कार्ड उघडण्याच्या चार सेकंद आधीच सुरू होत होती.

"चार सेकंद आधी काय होतं?"

"मी फोन बाजूला ठेवते," वृंदा म्हणाली. "आणि तिच्याजवळ बसते."

सरांनी आलेख मिटला. "म्हणजे पट्टी चुकली नाही, वृंदाताई. तिने ओढच मोजली. सक्तीचं शिकवावं की आवडीचं, यावर आपण दोन वर्षं भांडलो. शेजारी कोण बसतं, ते बघायचंच राहिलं."

सर गेल्यावर वृंदाने मिहिकाला मांडीवर घेतलं, पट्टी सोडली आणि मऊ मनगटावर उमटलेला वळ चोळला. उद्यापासून वृंदाला चाळीस शाळांत पट्ट्या पोचवायच्या होत्या. अर्जातले तीन रकाने रिकामेच होते. तूच सांग गं, ती म्हणाली, तुला काय आवडतं? तीन विषय लिहिले की संपल्या चाचण्या.

मिहिकाने नीट विचार केला.

"मला काहीच आवडलं नाही, तर तू रोज बसशील?"