डाव्या गालावरची चाई

तो दारातच थबकला आणि परत वळला.

"कुणी नाही का आत?" त्याने बाहेरूनच विचारलं.

"मी आहे की," दिपमाला म्हणाली आणि हातातला टॉवेल झटकून तिने खुर्ची फिरवली.

धुळ्याच्या देवपुरातल्या त्या छोट्या सलूनच्या दारात असे थबकणारे तिला नवे नव्हते. तिचे वडील, निंबा नाना, यांचा हात थरथरायला लागला त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून दुकान तीच चालवत होती. काही जुनी गिऱ्हाइकं सोडून गेली, काही मुकाट्याने टिकली, आणि कॉलेजची पोरं तर आता दाढीला तिचाच हात हवा म्हणून थांबून राहायची. नाना दाराजवळ पेपर वाचत बसायचे. हा माणूस मात्र निराळा वाटला. जानेवारीची थंडी खरी, पण भर दुपारी कुणी तोंडाला मफलर इतका घट्ट गुंडाळत नाही.

"पूर्ण काढायची," तो बसत म्हणाला. "उद्या जळगावला जायचंय... मुलगी बघायला."

मफलर सुटला. दाट, काळीभोर दाढी... आणि डाव्या जबड्याच्या जरा वर रुपयाएवढी गुळगुळीत जागा. त्याने चटकन तिथे हात नेला.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. आधी हरभऱ्याएवढीच होती. मोबाइलवर बघून एक क्रीम मागवलं, त्याने गाल भाजल्यासारखा झाला. मग मित्र म्हणाला, कांदा चोळ."

"चोळलात?"

"आठ दिवस. ऑफिसात माझ्याजवळ कुणी बसेना."

ती हसली. तो हसला नाही. आरशात त्याचे डोळे तिच्या तोंडाकडे लागले होते, निकालाच्या दिवशी पोरं बोर्डाकडे बघतात तसे. तिला आपल्याच हसण्याची लाज वाटली.

"पूर्ण काढली तर ही जागा जास्तच उठून दिसेल," ती हळू म्हणाली. "बाकी गाल हिरवट दिसेल आणि ही पांढरी. इथे थोडी लांब ठेवते, बाजूची बारीक करते. बघा तर."

तिने कात्री धरली. वीस मिनिटांनी गालावर काही होतं हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

"आता ऐका. रोज साबणाने खसाखसा धुवायची नाही. खोबरेल दोनच थेंब, तेही मुळाशी. खाज आली तरी नखं लावायची नाहीत. आणि ही चाई आहे. हे माझ्या कात्रीचं काम नाही, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायचं. उशीर करू नका."

"मी मातीचे नमुने तपासतो," तो उठत म्हणाला. "कुठल्या शेतात काय कमी आहे ते सांगतो. स्वतःच्या गालाचं मात्र..."

"मातीला खत सांगता ना? दाढीला झोप सांगते मी. तुमचे डोळे बघा, केवढे लाल झालेत."

त्याचं नाव ईश्वर. मूळ पारोळ्याचा, नोकरीसाठी देवपुरात खोली घेऊन राहणारा. हे सगळं तिला मंगळवारी कळलं, तो पुन्हा आला तेव्हा.

"जमलं का जळगावचं?" तिने विचारलं. झटकलेलं कापड तिने पुन्हा झटकलं.

"नाही. मीच सांगून टाकलं, चाई आहे म्हणून. चहा संपायच्या आत नकार."

"वाईट वाटलं?"

"वाटायला हवं होतं..." तो आरशातून सरळ तिच्याकडे बघत राहिला. तिच्या हातातला कंगवा तिथेच अडकला. नानांनी पेपरचं पान उलटलं.

मग दर मंगळवार त्याचा झाला. दाढी फारशी वाढलेली नसायची, तरी तो यायचा. ती उगीच मिशीचे दोन केस कापायची. तो डॉक्टरांकडे जायला लागला होता. तिथे त्या जागेवर बारीक इंजेक्शनं देत. सुईची भीती वाटते, हेही त्याने खालच्या आवाजात कबूल केलं होतं.

"एवढा मोठा माणूस!"

"सुई त्याहून मोठी दिसते."

पण सोमवारी, दुकान बंद असताना, दिपमालाला चैन पडत नसे. उद्या काय दिसेल? फेब्रुवारीत हनुवटीखाली दुसरी जागा निघाली. पहिली तशीच. डॉक्टर म्हणाले होते, सहा महिने धीर धरा, बऱ्याच जणांना केस येतात... काहींना येत नाहीत. गळ्याभोवती कापड बांधताना ती श्वास रोखून आधी गाल बघायची आणि मग "ठीक आहे" म्हणायची. तो त्या दोन शब्दांवर आठवडा काढतोय, हे तिला ठाऊक होतं.

आणि एका मंगळवारी तिला तिसरी जागा दिसली. दाढीत नाही, डाव्या कानामागे, डोक्याच्या केसांत. नेमका त्याच दिवशी तो कधी नव्हे इतका हसत होता. ऑफिसातल्या झुलाल काकांची नक्कल करत होता. तिने तोंड उघडलं... आणि मिटलं. वरचे केस अलगद त्या जागेवर ओढले आणि म्हणाली, "ठीक आहे."

चौथ्या दिवशी तो आला. मंगळवार नव्हता. तो बसलाही नाही.

"कानामागचं तुम्हाला दिसलं होतं ना?"

"...हो."

"ऑफिसात सगळ्यांसमोर एकाने दाखवलं. तुम्ही का नाही सांगितलं?"

"तुम्ही हसत होता. मला वाटलं, आजच्या दिवस तरी..."

"तुमच्या एकटीच्याच बोलण्यावर माझा विश्वास होता," तो म्हणाला आणि निघून गेला.

तीन मंगळवार कोरडे गेले. पुढे होळीही झाली. दिपमालाने एका गिऱ्हाइकाची मिशी एका बाजूला जास्त उडवली, आणि तो भला माणूस "चालतं ताई" म्हणाला तर तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. फोन करावा? काय म्हणून? आजार वाढला असेल तर? आपण लपवलं म्हणून त्याने उपचारच सोडले असतील तर?

"तो पोऱ्या कसाले येस नही आते?" नानांनी एका संध्याकाळी विचारलं.

"का येत नाही, मला काय माहीत नाना."

"तुले माहीत शे," नाना म्हणाले आणि पेपर घडी करून आत गेले.

सोमवारी ती ईश्वरच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गेली. इंजेक्शन महिन्यातून एकदा, सोमवारीच असतं, हे तिला पाठ होतं. बाकावर सातजण बसले होते. सातवा ईश्वर होता. मफलर नव्हता, आणि गालावरची व हनुवटीखालची, दोन्ही जागा उघड्या दिसत होत्या. ती शेजारी बसली.

"चुकलं माझं," ती भरभर बोलली. "डॉक्टरांना वेळेत कळायला हवं होतं. माझ्यामुळे उशीर झाला. पुन्हा असं..."

"उशीर झाला नाही. मी दुसऱ्याच दिवशी दाखवलं." तो जरा थांबला. "तुझ्यावर ओरडलो, त्याची लाज वाटत होती. आणि नंतर... मी पारोळ्याला होतो. रजा काढून."

तुझ्यावर. तिने ते ऐकलं, पण ऐकल्यासारखं दाखवलं नाही.

"बरं नव्हतं का?"

"घरी सांगत होतो. देवपुरात एक मुलगी आहे, दुकान चालवते, हातात वस्तरा असतो. आपल्या जातीची नाही." तो सुईच्या खोलीकडे बघत बोलत होता. "आबा उठून मळ्यात गेले. आई दोन दिवस बोलली नाही."

"आणि मग?"

"तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, पोरीला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी जमते का."

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, मला तिने अजून हो म्हटलेलं नाही, भाकरीचं कुठून विचारू..." आता तो तिच्याकडे वळला. "दिपमाला, हे केस आले नाहीत तर? डोक्यावरचेही गेले तर? डॉक्टर खात्री देत नाहीत. नीट विचार करून सांग. आज नाही सांगितलंस तरी चालेल."

समोरच्या खोलीतून नाव पुकारलं गेलं. तो उठला नाही.

"केस गेले तर माझं एक गिऱ्हाईक जाईल," ती म्हणाली. आवाज कापत होता, तो तिने कापू दिला. "माणूस नाही जायचा. आणि भाकरी मला जमते. पण कडा फाटतात, हे आईंना आधीच सांगून ठेवा. मी आता काही लपवणार नाही."

पुन्हा नाव पुकारलं. ईश्वर उठला, दोन पावलं गेला आणि वळला.

"चल ना आत. हात धर माझा... सुई फार मोठी असते."

बाकावरची सहा माणसं बघत होती. दिपमाला उठली आणि सगळ्यांसमोर तिने त्याचा हात धरला.