प्रसूतिगृहाची पुढची भिंत

शहाद्यातल्या नव्या प्रसूतिगृहाची भिंत पडली आणि खाली माणूस सापडला, हे सांगायला शिपाई धावत आला तेव्हा फौजदार इंद्रसिंग गिरासे कचेरीच्या पायऱ्या चढत होते. ते तसेच मागे फिरले.

१९३७ सालचा फेब्रुवारी. आभाळ स्वच्छ होतं, वारा नव्हता. तरीही इमारतीची पुढची दगडी भिंत सकाळी आठ वाजता बाहेरच्या अंगाला कलंडली होती. पायथ्याशी चुना कालवत बसलेला सुकराम तिच्याखाली गेला. दगड उपसून त्याला बाहेर काढलं तेव्हा तो जिवंत नव्हता.

सुकराम सातपुड्यातल्या एका पाड्यावरचा. त्याची बायको फुलवंताबाई त्याच कामावर घमेली वाहायची. दगड उपसणाऱ्यांत ती सगळ्यांत पुढे होती. आता ती प्रेताशेजारी बसली होती. तिची दोन नखं निघाली होती, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. ती रडतही नव्हती.

दहा पावलांवर एक तरुण उभा होता. इंद्रसिंग जवळ जाताच त्याने दोन्ही हात पुढे केले.

"मला घेऊन चला. या इमारतीचा नकाशा माझा आहे."

त्याचं नाव पितांबर. लोणखेड्याच्या शेतकऱ्याचा मुलगा, वय बावीस. मुंबईत इमारतींचे नकाशे काढण्याचं शिक्षण घेत होता, शेवटचं वर्ष होतं. आपल्या हातची पहिली इमारत उभी राहताना पाहावी म्हणून तो आदल्या संध्याकाळी गावी आला होता. सकाळी इथे पोचला तो ढिगाऱ्यापाशी.

इमारत बांधून घेत होत्या प्रमिलाबाई पाटील. त्यांची एकुलती एक मुलगी बाळंतपणात गेली, नंदुरबारच्या वाटेवर, बैलगाडीत. त्याच्याही आधी, आजपासून सात वर्षांपूर्वी, त्यांचे यजमान भिला पाटील द्वारकेला म्हणून निघाले ते परतलेच नाहीत. धाकटे दीर चुडामण त्यांना नंदुरबारच्या स्टेशनात गाडीत बसवून आले होते, एवढाच शेवटचा ठावठिकाणा. यजमानांच्या नावाने गावात प्रसूतिगृह बांधायचं बाईंनी ठरवलं आणि त्यासाठी गावाकडेचं आपलं जुनं खळं दिलं. चुडामणने दोनदा नदीकडची दुसरी जागा सुचवली होती. पण खळं रस्त्याला लागून, बायांना आणायला सोयीचं. बाई बधल्या नाहीत.

दुपारी बारापर्यंत आजूबाजूच्या कामांवरचे पाड्यांचे लोक जमले. कोणी आवाज चढवत नव्हतं, पण कोणी हलतही नव्हतं. चुडामणने इंद्रसिंगना बाजूला घेतलं. पोराच्या कागदी शिक्षणावर आपण भरवसा ठेवला तीच चूक झाली, असं तो म्हणाला. लोक बिथरायच्या आत त्याला धुळ्याला पाठवा, हेही सुचवलं. धुळ्याहून तार आलीच होती: नकाशा काढणाऱ्याला संध्याकाळच्या मोटारीने पाठवावं.

इंद्रसिंगच्या हाती पाच तास होते.

त्यांनी नकाशा मागवला. ड्रॉइंगचा जाड, मोठा कागद, काळ्या शाईच्या सुबक रेषा. त्यांनी असा कागद कधी हातात धरला नव्हता. बोट फिरवत ते वाचत गेले. मागची मोकळी जागा अठरा फूट, इमारत बासष्ट, पुढचं अंगण तीस. खाली पितांबरची सही.

पहिला जबाब दोधू मिस्त्रीचा. तीस वर्षं दगड घडवून त्याच्या बोटांची टोकं सपाट झाली होती.

"पुढली जमीन पोची व्हती, साहेब," दोधू म्हणाला. "मी रूपचंद भाऊले सांगं बी. त्या म्हणेत, नकाशामा शे तसं कर."

"पाया खणताना काय लागलं?"

"नुसती माती. धोंडा नही, मुरूम नही. आठ दिन व्हयनात, भिंतवर पानी मारी ऱ्हायनूत. ते समदं तठेच जिरनं."

"नकाशावर तू काही लिहिलंस?"

"माले लिखता येस नही. मी आंगठा देस."

खळ्याची लांबी किती, तेही इंद्रसिंगनी विचारलं. बरोबर शंभर फूट, दोधूने सांगितलं, दोन्ही टोकांना दगड रोवलेले आहेत.

रूपचंद हा निवृत्त ओव्हरसिअर. आखणी त्याची. नकाशा हातात आला त्याच दिवशी मागच्या दगडापासून अठरा फूट मोजून त्याने मागच्या भिंतीच्या खुंट्या मारल्या, तिथून बासष्ट फुटांवर पुढच्या भिंतीच्या. दोधूने मातीबद्दल सांगितलं होतं, हे त्याने कबूल केलं. मग पाया दोन फूट अजून खोल नेला, आणखी काय करायचं? नकाशा मुंबईहून आलेला, आपण त्यात ढवळाढवळ कशी करणार?

"पुढे अंगण किती उरलं ते मोजलंत?"

"अंगणाला भिंत नसते, साहेब. काय मोजायचं?"

चुडामणचा जबाब सर्वांत लहान. नकाशाचं पार्सल ऑक्टोबरात टपालाने आलं, ते त्याने पोस्टातून आणलं. चार दिवस घरी पडून होतं, मग रूपचंदला नेऊन दिलं. प्रमिलाबाईंनी कागद उघडून पाहिलाच नव्हता. त्यातलं आपल्याला काय कळणार, असं त्यांनीही सांगितलं.

इंद्रसिंगनी मग टेप घेऊन स्वतः जागा मोजली. मागे अठरा. इमारत बासष्ट. पुढे, रस्त्याकडच्या दगडापर्यंत, वीस.

ते टेप गुंडाळून उठले. मग पितांबरकडे गेले.

तो कचेरीच्या ओट्यावर बसला होता. लोणखेड्याहून त्याची आई येऊन गेली होती. तिने आणलेली भाकरी तशीच बांधलेली होती.

"नकाशाची दुसरी प्रत?"

"नाही. पेन्सिलचा कच्चा कागद वसतिगृहातच टाकून दिला."

"मागे किती जागा सोडली होतीस?"

"आठ फूट." मग त्याने मान खाली घातली. "म्हणजे मला तसं आठवतं. पण कागदावर अठरा आहे, सकाळी मीच पाहिलं. त्या दिवसांत परीक्षेचा आराखडाही चालू होता. हातून पडला असेल अठरा. साहेब, एका आकड्याने माणूस मेला."

"अंगण तीस फूट कशासाठी?"

"पुढच्या तीस फुटांत भराव आहे. जुना ओढा बुजवलाय तिथे. मे महिन्यात मी खड्डे खणून पाहिले होते. दोन पुढे, दोन मागच्या कोपऱ्यांत. मागे मुरूम लागला. पुढे भिंत येऊच नये म्हणून तर अंगण तिथे ठेवलं."

"मागे मधोमध खणलं होतंस?"

"नाही. कोपरे चांगले लागले, मग गरज वाटली नाही."

"पुढची भिंत किती फूट भरावात गेली?"

पितांबरने मनात हिशेब केला. मग म्हणाला, "दहा."

"तू आखणीच्या दिवशी इथे असतास तर हे तुला कळलं असतं?"

"बघताक्षणी," पितांबर म्हणाला. मग त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

दुपारी साडेतीनला इंद्रसिंगनी सगळ्यांना खळ्यावर बोलावलं. प्रमिलाबाई, चुडामण, रूपचंद, दोधू, पितांबर. पाड्यांचे लोक मागे उभे होते. फुलवंताबाई जागची हलली नव्हती.

इंद्रसिंगनी एका फळीवर नकाशा पसरला.

"मी शिकलेला माणूस नाही," ते म्हणाले, "पण मला बेरीज येते. मागे अठरा, इमारत बासष्ट, अंगण तीस. किती झाले?"

"एकशे दहा," रूपचंद सवयीने बोलून गेला आणि त्याचा चेहरा उतरला.

"आणि जागा शंभर फूट. ज्याने जमिनीत खड्डे खणून, भराव कुठे संपतो ते पाहून इमारत बसवली, त्याची बेरीज दहा फुटांनी चुकत नाही. आठ, बासष्ट आणि तीस धरा. शंभर बरोबर भरतात. मुलाला आठवत होतं ते खरं होतं. कोणीतरी आठाच्या आधी एकाचा आकडा वाढवला."

चुडामण म्हणाला की हा नुसता तर्क आहे.

इंद्रसिंगनी शेजारी ठेवलेल्या भांड्यातल्या पाण्यात बोट बुडवलं आणि बासष्टवरून हलकेच फिरवलं. रेषा तशीच राहिली. तीसवरून फिरवलं. तशीच. मग अठरावरून. आठ जागच्या जागी राहिला आणि त्याच्या आधीचा एक निळसर होऊन कागदावर पसरला.

"मुलाची शाई नकाशांची. वाळली की पाण्याने हलत नाही. हा एक आपल्या रोजच्या दौतीतल्या शाईचा आहे."

पितांबर पुढे झाला आणि त्या डागाकडे बघत राहिला.

"आता हे कोणी केलं?" इंद्रसिंग पुढे म्हणाले. "कागद तिघांच्या हातांतून गेला. दोधूला लिहिता येत नाही. रूपचंदनी आळस केला, आणि त्याचा जाब त्यांना द्यावा लागेल. पण आकडा त्यांनी बदलला असता तर तीसचे वीसही केले असते. नकाशाची बेरीज जुळावी लागते, हे त्यांना माहीत आहे. बदलणाऱ्याला लिहिता येत होतं, पण नकाशा कळत नव्हता. त्याला फक्त एकच आकडा दिसत होता, मागच्या जागेचा. आणि कागद चार दिवस त्याच्या घरात होता."

सगळे चुडामणकडे बघू लागले.

"मी कशाला बदलू?" चुडामण म्हणाला. "भिंत पुढे गेली, पडली, यात मला काय मिळालं?"

"तेच मला बराच वेळ कळत नव्हतं. सकाळपासून आपण सगळे पडलेल्या भिंतीकडे बघतोय. भिंत पुढे का नेली, असं मी स्वतःला विचारत होतो. ते विचारणंच चुकलं. पुढे काय झालं याच्याशी बदलणाऱ्याला काही घेणंदेणं नव्हतं. त्याला मागची भिंत सरकवायची होती. आठ फुटांवर पाया खणला जाणार होता, तो तिथे खणला जाऊ नये, एवढंच त्याला हवं होतं. जागाच बदलावी म्हणून त्याने आधी दोनदा प्रयत्न केला. ते जमलं नाही, तेव्हा हे केलं."

त्यांनी मागच्या दगडापासून आठ फूट मोजून दोरी लावली. दोन कोपऱ्यांत पितांबरचे मे महिन्यातले खड्डे होते. इंद्रसिंगनी मधल्या जागेवर काठी टेकवली आणि दोधूला खणायला सांगितलं.

"तिथे खणू नका," चुडामण म्हणाला.

प्रमिलाबाईंनी दिराकडे पाहिलं. गेली सात वर्षं घराचं सगळं त्याच्यावर सोपवून त्या निर्धास्त होत्या.

"चुडामण," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तठे काय शे?"

दोधूची कुदळ चार फुटांवर थांबली. त्याने हाताने माती बाजूला केली. आधी हाडं दिसली, मग त्यांच्यात अडकलेला चांदीचा करदोडा. काळा पडलेला, मधे एक पोवळं. कोणी अडवायच्या आत प्रमिलाबाई खड्ड्याच्या काठाशी बसल्या.

"हाई मन्हा हातनं ओवेल शे," त्या म्हणाल्या.

चुडामणने तिथेच, उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. जमिनीच्या वाटणीवरून खळ्यात दोघा भावांचं भांडण झालं होतं. भिला पाटील द्वारकेला निघायचे होते त्याच पहाटे. हाताशी मळणीचं दांडकं होतं. एकच घाव बसला. मग त्याने एकट्यानेच जागा खणली, आणि लोकांना सांगितलं की भावाला गाडीत बसवून दिलं. वहिनीने खळ्यावर बांधकाम काढलं तेव्हापासून त्याला झोप नव्हती. दहा फुटांनी कोणाचं काय बिघडणार, असं त्याला वाटलं होतं. भिंत पडेल, माणूस मरेल, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"आलं नव्हतं, ते खरं असेल," इंद्रसिंग म्हणाले. "पण भिंत पडल्यावर तू या पोराचं नाव पुढे केलंस. ते मनात आणूनच."

शिपायांनी चुडामणला नेलं. धुळ्याच्या मोटारीत पितांबरसाठी ठेवलेली जागा त्याला मिळाली. रूपचंदवर हलगर्जीपणाचा गुन्हा नोंदवला. पाड्यांचे लोक बाजूला झाले आणि त्यांनी बैलगाडी जुंपून सुकरामला तिच्यात ठेवलं.

इंद्रसिंगनी पितांबरला सांगितलं, तू मोकळा आहेस, घरी जा, आई वाट बघत असेल. त्याने मान हलवली, पण तो फुलवंताबाईकडे गेला. तिने वर पाहिलं. तिने झालेलं सगळं ऐकलं होतं.

"आखणीना दिन तू आठे व्हता का?" तिने विचारलं.

"नही व्हतू."

ती उठली, नवऱ्यावर पांघरलेलं लुगडं नीट केलं आणि गाडीबरोबर चालू लागली.

पितांबरने आपली पिशवी दोधूच्या हाती दिली. घरी निरोप द्यायला सांगितला, कधी येईन ते सांगितलं नाही. गाडी शहाद्याच्या बाहेर पडून कापसाच्या रानांतून सातपुड्याकडे वळली तेव्हा तो तिच्यामागून चालत होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. परत जा, असंही कोणी म्हटलं नाही.