सिक डब्यावरची खूण

मनोज, तो फोन आधी उलटा ठेव. बंद नको करू, नुसता उलटा ठेव. पडद्याचा उजेड दिसत राहिला तर मला ही गोष्ट सांगवणार नाही. कारण पुढे कळेल. आरती, शेकोटीत दोन काड्या टाक आणि हरभऱ्याचा होळा भाजून झाला असेल तर इकडे दे. आणि मधे कोणी हसायचं नाही. हसायचं असेल त्याने आत्ताच घरी जावं, रस्ता मोकळा आहे.

शेखर तुम्हाला ठाऊक आहे. पातूरकडचा, घरची शेवंती-झेंडूची शेती. सोळा वर्षांचा असताना अकोल्यात माझ्या दुकानी अक्षर शिकायला आला. चाळीस वर्षं मी पाट्या रंगवल्या, पोटावर पाय दिला तो फ्लेक्सने, पण तेव्हा धंदा जोरात होता. पोराचा हात असा की मला हेवा वाटायचा. एकच खोड. 'क' काढताना शेपटी आत वळवायचा, विंचवाच्या नांगीसारखी. ब्रशच्या दांड्याने बोटांवर मारलं, ओरडलो, उपाशी ठेवलं. गेली नाही. रस्त्याच्या पलीकडून पाटी पाहिली तरी मी सांगायचो, ही शेखरची.

पुढे तो छोट्या रेल्वेच्या नादी लागला. इंजिन वीतभर, डबा तळहातावर मावेल एवढा. खेळणी नाहीत ती. एकेक रिव्हेट मोजून बसवलेला. आणि खरं काम तर त्यानंतर सुरू होतं. नवा डबा कोणीही करेल, त्याच्या अंगावर तीस पावसाळे पाडून दाखवणं अवघड. गंज कुठून उतरतो, धूर कुठे बसतो, दाराच्या कडीजवळ हात लागून लागून रंग कसा उडतो, हे सगळं त्याला दिसायचं. दोन वर्षांपूर्वी दुकानातली नोकरी सोडून तो हेच करायला लागला. सासरचे म्हणायचे, जावई खेळणी करतो. त्यांची तोंडं बंद करण्याची एक संधी आली. पुण्याच्या एका शौकिनाने एक इंजिन आणि पाच डबे सांगितले. रविवारी, सोळा तारखेला, प्रदर्शन. तिथे काम पसंत पडलं तर दोन-तीन वर्षांची ददात मिटणार होती. म्हणजे शेखरचं अख्खं घर त्याच्या उजव्या हातावर उभं होतं.

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. अकरा तारीख, मंगळवार. अमावस्येला अजून नऊ दिवस होते, तेव्हा तसलं काही डोक्यात आणू नका. चार डबे तयार होते. पाचवा डबा एका खऱ्या डब्यावरून करायचा होता. गिऱ्हाइकाला तोच नंबर हवा होता. तो डबा अंजनगाव सुर्जीच्या अलीकडे, नॅरोगेजच्या छोट्या लाईनच्या एका बंद ठेसनात उभा आहे. ठेसनाचं नाव मी सांगणार नाही. सकाळी नऊला शेखर गाडी काढून निघाला, नंबर उतरवायला आणि थोडा गंज खरवडून आणायला.

डबा बाभळीत होता. चाकं काळ्या मातीत अर्धी रुतलेली. बाजूवर पांढऱ्या खडूने मोठी फुली, तिच्याखाली 'सिक', आणि हे सगळं नेमकं नंबरवर. रेल्वेवाले बिघडलेल्या डब्याला सिक म्हणतात. अशी खूण केलेल्या डब्याला इंजिन जोडत नाहीत. शेखरने आधी त्या खुणेचा फोटो मला पाठवला. खाली लिहिलं, 'काका, अक्षर पाहा.' पाहिलं. डावीकडे कललेलं, 'स'ची गाठ बुजलेली. मोठेपणी लिहायला शिकलेल्या माणसाचं अक्षर.

तो रुमाल भिजवत होता तेवढ्यात मागून आवाज आला.

"हात लावू नको थ्याले!"

शेरड्या चारणारी म्हातारी. तानुबाई नाव. सत्तरीच्या पुढची, आणि हातात धोंडा.

"मावशी, नंबर पाह्यतो फक्त. खडू पुसतो, काई नाई करत."

"ज्यानं लिवलं त्यानंच पुसा लागते. खाली मानूस असते."

मग तिने सांगितलं. तिचा नवरा नत्थुजी रेल्वेत डबे तपासायचा. हातोडीने चाक वाजवून पाहायचं, खोट दिसली की खूण करायची, मग खाली शिरून दुरुस्त करायचं. बाहेर आल्यावर आपल्याच हाताने खूण पुसायची. तोवर दुसऱ्या कोणी तिला बोट लावायचं नाही, साहेबानेही नाही. चाळीस वर्षांमागे एका संध्याकाळी कोणाला तरी घाई झाली. खूण पुसली आणि इंजिन जोडलं. नत्थुजी खाली होता.

"मंग?" शेखरने विचारलं.

"मंग काय? चादरीत जमा केला."

शेखरने खुणेकडे पुन्हा पाहिलं. मग त्याच्या ध्यानात आलं, की ही गोष्ट चाळीस वर्षांमागची. "मंग हे आता कोन लिवते मावशी? पावसात खडू टिकते का?"

तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरला.

"मले काय इचारतं? मले अक्षर येते का?"

तिच्या शेरड्या कोणाच्या तरी तुरीत घुसल्या आणि ती शिव्या देत तिकडे धावली. तिची पाठ वळताच शेखरने खूण पुसली. हो, पुसली. शहाणा ना तो! नंबर उतरवला, औषधाच्या डबीत गंज भरला, रुमाल खिशात कोंबला आणि गाडीला किक मारली.

रात्री माडीवरच्या खोलीत त्याने पाचवा डबा पुरा केला. खाली रूपाली, त्याची बायको, टीव्हीसमोर बसली होती. त्याने तो खरा गंज खलात कुटला, मलमलीतून गाळला, कोरड्या ब्रशने अंगावर बसवला. तो काही वाया घालवत नाही. रुमालावरचा खडूही झटकून घेतला आणि चाकांपाशी चुन्याची धूळ म्हणून लावला. त्या माणसाच्या खुणेचा खडू, त्याच डब्याला.

नऊ चाळीसला मला व्हिडिओ कॉल आला. मी इथे बाळापुरात, गोधडीत. त्याने फोन टेबलावर स्टँडला लावला होता. समोर छोटं ठेसन, रूळ, रुळावर तो डबा.

"पाहा काका."

पोट्ट्यांनो, खोटं बोलत नाही, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याकडे शिकलेला हात होता तो. मी म्हटलं, "जितलं बेट्या." तो ब्रश धुवायला वळला. मी डबा पाहत राहिलो. आणि मला दिसलं.

"अबे, खूण काहून काढली? चांगला नंबर झाकला."

"कोनती खूण?"

भिंग घेऊन तो जवळ आला. फुली, आणि खाली सिक. अक्षर तिळाएवढं. खडूचं टोक त्या डब्याच्या दाराहून जाड असतं, एवढं बारीक खडूने कोण लिहील? पण खडूच होता. डावीकडे कललेला. 'स'ची गाठ बुजलेली.

"काका, मजाक करून राहिले का तुमी?"

"मी बाळापुरात बसून खडू मारू का बे?"

 मग मी म्हटलं, "राहू दे. पुसू नको." एकदाच म्हटलं. जोर लावून म्हणायला हवं होतं.

"रविवारी प्रदर्शन आहे काका. गिऱ्हाइकाले नंबर दिसला पायजे."

स्पिरिटचा ब्रश फिरवला. डबा साफ.

मग गाडी चालवून पाहायला गेला तर इंजिन डब्यापासून वीतभर अलीकडे अडलं. खाली कुठेतरी तार निघाली होती. त्याच्या टेबलाचा मधला भाग पेटीच्या झाकणासारखा वर उघडायचा. त्यावर प्लास्टरचा डोंगर, दहा-बारा किलो वजन; रूळ पुढच्या कडेला. झाकण उचललं, लोखंडी टेकू लावला. विजेची पिन काढली आणि माझ्या डोळ्यांदेखत फोनसमोर आणून ठेवली. "दोन मिनिटं काका," म्हणाला, आणि तार जोडायची डाखणी घेऊन टेबलाखाली शिरला.

पडद्यावर आता माणूस नव्हता. इंजिन. वीतभर मोकळा रूळ. डबा. आणि ती काढलेली पिन.

दहा वाजून बारा मिनिटं.

टिंग…

मला वाटलं, तोच काही ठोकतो आहे.

टिंग… टिंग…

आवाज बारीक होता. हातोडीचा. चाकावरचा. पहिलं चाक… दुसरं… तिसरं.

"शेखर, तू वाजवतं का काई?"

"नाई. मले वाटलं तुमच्याकडे वाजून राहिलं." मग त्याने हाक मारली, "रूपाली?"

खालून टीव्हीचा आवाज आला. रूपाली खालीच होती.

टिंग. चौथं चाक. मग काहीच नाही…

मग इंजिन हललं.

पिन माझ्यासमोर पडलेली. तार निघालेली. आणि इंजिन हललं. केसभर. थांबलं. पुन्हा केसभर. घाई नव्हती त्याला. वीतभर होतं… चार बोटं राहिलं… दोन बोटं…

  मला तानुबाईचं ते वाक्य आठवलं, शेखरने दुपारी फोनवर हसत हसत सांगितलेलं. खाली मानूस असते.

आणि मी ओरडलो. "शेखर! बाहेर ये! बाहेर ये लवकर!"

हे नीट ऐका. तो घाबरला, आणि उठायला त्याने उजव्या हाताने उघड्या झाकणापाशी टेबलाची कड धरली. माझ्या हाकेने धरली. मी गप्प बसलो असतो तर त्याचा हात खालीच राहिला असता. दोन महिने झाले, मी हे कोणाला सांगितलं नाही. माझ्या हाकेने त्याने तिथे हात ठेवला.

खट्.

इंजिन डब्याला जोडलं गेलं.

झाकण पडलं.

तो कसा ओरडला ते सांगत नाही. रूपाली जिना चढत होती, पावलं ऐकू येत होती. फोन ठेवून कोणाला तरी मदतीला पाठवावं, एवढं मला सुचत होतं, पण बोट चालेना. कारण पडद्यावर काहीतरी होत होतं. डब्याच्या साफ बाजूवर एक पांढरी रेघ उमटत होती. हळू. वरून खाली. हात नव्हता. काही नव्हतं. रेघ होती. मग दुसरी, पहिलीला छेदून. मग अक्षर…

रूपालीचा हात मधे आला. फोन पडला. अंधार.

दोन बोटं काढावी लागली. अंगठ्याशेजारचं आणि मधलं. ज्यांनी ब्रश धरतात ती. टेकू खोलीच्या दुसऱ्या टोकाला भिंतीला टेकवून ठेवलेला सापडला, रूपालीने मला स्वतः दाखवला. पुण्याला काही गेलं नाही. त्या माणसाने दुसऱ्याकडून डबे करवून घेतले. सासरचे आता चांगलं बोलतात, त्याचा शेखरला जास्त त्रास होतो.

डिसेंबरात टाके सुकल्यावर तो म्हणाला, "काका, थो डबा परत नेऊन ठेवतो. तुमी चला." मी गेलो. जाणं भागच होतं मला. छोटा डबा कापडात बांधलेला, गंजाची उरलेली डबी, तो रुमाल. दुपारचे बारा, लख्ख ऊन. तानुबाई शेरड्यांपाशी बसलेली. तिने शेखरच्या पट्टीकडे पाहिलं. हळहळ नाही, काही नाही.

"किती डाव पुसली?"

"दोन डाव," शेखर म्हणाला.

"मंग बरोबर आहे," ती म्हणाली, आणि तोंड फिरवलं.

राग आला मला. त्या म्हातारीचा, त्या मेलेल्या माणसाचा. पुसणारा चाळीस वर्षांमागे कोणी दुसराच, आणि भरलं माझ्या पोराने. हे मी मोठ्याने बोललो. बाभळीत कोण ऐकणार होतं.

आम्ही डब्यापाशी गेलो. खूण परत आली होती. मोठी फुली, खाली सिक. खडू इतका ताजा की भुकटी खालच्या गवतावर पडलेली. मी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. अक्षर डावीकडे कललेलं नव्हतं. ताठ उभं होतं, ओळीत, मी दुकानात शिकवायचो तसं. 'स'ची गाठ मोकळी. आणि 'क'ची शेपटी आत वळलेली होती.

शेखरने त्या आधीच्या महिन्यात उजव्या हाताने चमचाही धरला नव्हता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने पाहिलं होतं.  छोटा डबा त्याने डाव्या हाताने मोठ्याच्या चाकांमधे ठेवला, रुमाल ठेवला, डबी ठेवली. उजवा हात खिशातच होता.

परतताना दर्यापूर आलं तेव्हा तो माझ्या खांद्याशी वाकला. मग गाडीवर माझ्या मागे बसून हळूच म्हणाला,

"काका, दवाखान्यात त्या दोन बोटायचं काय केलं असन?"

 मी गाडी चालवत राहिलो.